मास्तर, पातेलं!

चोवीस नोव्हेंबर. अक्षता रंगवायला बसले आहे. परातीत तांदूळ, वर कुंकू, बोटांना तुपाचा हात. आमचं मंगल कार्यालय राहुरीच्या अलीकडे, नगर रस्त्याला लागून आहे. तिथलं कुठलंही काम मी वाटून देते, पण हे देत नाही. लोक कुंकू पाण्यात कालवून ओततात आणि मग पाहुण्यांच्या पांढऱ्या टोप्यांवर लाल ठिपके पडतात. त्यावरून आमच्याकडे एकदा चांगलं भांडण झालेलं आहे.

उद्याचं लग्न बँडमास्तरांच्या धाकट्या मुलीचं. हात परातीत असले तरी माझे कान मागच्या शेडकडे आहेत. तिथे मास्तर शेवटची तालीम घेताहेत. उद्या नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत ते स्वतः वाजवत आणणार आहेत. आणतील, की मध्येच कुठेतरी लाकडासारखे आडवे होतील, हे आज कुणी सांगू शकत नाही. त्यांच्या डॉक्टरीणबाईसुद्धा नाही.

मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच लग्नात. वरात ऐन रंगात आलेली असताना बँड एकदम थांबला. डोक्यावर पदर घेतलेली मी, काय झालं ते कळेना. पाहिलं तर लाल कोटातला एक बुटका माणूस क्लारनेट काखेत धरून आमच्या ह्यांच्या मित्रांना झापत होता. "नाचा की, न्हाई कोन म्हनतंय? पन तालात नाचा. तुमच्या पायाकडं बघून माझा ढोल चुकायलाय." मित्र वरमले. बँड परत सुरू झाला. माझ्या लग्नात एवढं बरोबर बोललेला तो एकटाच माणूस, असं माझं तेव्हाच मत झालं आणि ते अजून बदललेलं नाही.

पुढे सासऱ्यांनी कार्यालय माझ्या अंगावर टाकलं आणि मास्तरांशी रोजचा संबंध आला. त्यांचे नियम ठरलेले होते. नागाची धून एका लग्नात एकदाच. कुणी कितीही हट्ट केला तरी "नाग दमलाय" एवढंच उत्तर. जेवणात आधी बुंदी, मग वरणभात. गोड शेवटी का ठेवतात हे त्यांना कधी पटलं नाही. "शेवटाला पोटात जागा कुठं ऱ्हाती?" ते पंगतीत बसायचे ते त्यांचा सगळा बँड जेवून उठल्यावर. आणि लग्नाच्या दिवशी लाल कोट सकाळी अंगात चढला की रात्री घरी गेल्यावरच उतरायचा. मधल्या वेळात मेथीची जुडी आणायला गेले तरी सोनेरी झालर लावलेल्या कोटातच.

माणसं त्यांच्या लेखी वाद्यं होती. आमचे हे म्हणजे खुळखुळा, हातात घेतलं तरच वाजणार. आमचा आचारी तुतारी, एकच सूर आणि तोही वरचा. मी एकदा विचारलं, "आणि मी हो, मास्तर?"

"तुमी साईड ड्रम, वहिनी. बोलता थोडं, पन कडाडून."

मी रागावले नाही. ते खरंच होतं.

ते पहिल्यांदा पडले तेही आमच्याच गेटसमोर. त्याआधी वर्षभर त्यांचं चालणं बदललेलं दिसत होतं. पाय गुडघ्यात न मोडता चालायचे, डोक्यावर पाण्याची घागर असल्यासारखे. कंबर पुढे आलेली, पाठ मागे वाकलेली. रस्ता ओलांडायच्या आधी विजेच्या खांबाला हात लावून उभे राहायचे. रस्ता रिकामा असला तरी उभेच. "कशाची वाट बघताय?" म्हटलं, तर म्हणायचे, "मोकळं बघितलं की पाय मागं वढतोय, वहिनी. का, ते ठाव न्हाई."

त्या दिवशी नवरदेवाच्या मित्रांनी त्यांच्या मागे सुतळी बॉम्ब लावला. पडताना माणूस हात पुढे करतो. मास्तरांनी केला नाही. उभा खांब ढकलावा तसे ते सरळ तोंडावर आले, क्लारनेट मात्र छातीशी धरलेलं. ओठ फाटला, क्लारनेटला ओरखडासुद्धा नाही. उचलायला गेलेल्यांना त्यांचे पाय वाकवता येईनात.

"मास्तर आज टाकून आलेत," वऱ्हाडात कुणीतरी म्हणालं. बँडवाला पडला की लोकांना दुसरं काही सुचत नाही. मास्तर चहाशिवाय काही पीत नाहीत, तोही बिनसाखरेचा, कारण शुगर. बुंदी ते त्यात मोजत नाहीत.

नंतर वर्षभर जे व्हायचं ते सगळं झालं. कंबरेचा पट्टा झाला, तेल झालं, हाडं बसवणारा झाला. लिंबू उतरून झालं. एका दवाखान्यात सांगितलं की हे मनाचं आहे, काही कामात गुंतवा. भावकीला तेवढंच हवं होतं. मास्तरीणबाई भाबडेपणाने सगळ्यांना सांगायच्या, "झोपले की अंग कसं लेकरावानी मऊ असतं हो. जागे झाले की पुन्यांदा लाकूड." यावर त्यांचे दीर म्हणायचे, "बघा! झोपेत नाटक करता येत न्हाई, म्हनून मऊ."

मी त्यांना सावेडीतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यात माझा मोठेपणा काही नाही. मला नगरला भांडी बघायला जायचंच होतं, जीपमध्ये जागा होती. या बाई मेंदू आणि नसांच्या डॉक्टर, वयाने लहान, बोलणं हळू. त्यांनी मास्तरांच्या पोटावर हात ठेवला आणि दचकून माझ्याकडे पाहिलं. मीही हात लावून पाहिला. पोट कुठलं, पोळपाट होता. मग त्यांनी मास्तरीणबाईंना विचारलं, "झोपेत कसे असतात?"

मास्तरीणबाई घाबरल्या. एवढे दिवस याच उत्तराने घरात भांडणं लागली होती. मीच म्हणाले, "सांगा, मऊ असतात म्हणून."

"मऊ असतात," त्या पुटपुटल्या.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा एकदम उजळला. "काकू, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. हे नाटक नाही, आणि मनाचे खेळही नाहीत."

मग रक्ताच्या तपासण्या झाल्या, स्नायूत सुई घालून एक तपासणी झाली, एक नमुना पुण्याला गेला. निदान पक्कं झालं तेव्हा त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. अंग ताठ करायची एक व्यवस्था असते, सैल सोडायची दुसरी. रोगाशी लढण्यासाठी रक्तात जे सैन्य असतं, ते काहींच्या बाबतीत वाट चुकतं आणि आपल्याच माणसांवर उठतं. मास्तरांच्या शरीरात त्याने सैल सोडणारी व्यवस्था धरली आहे. म्हणून पाठ, पोट, पाय सतत आवळलेले. त्यात अचानक आवाज झाला, धक्का लागला, जीव घाबरला, की सगळं अंग एकदम आवळतं आणि माणूस पडतो. मोकळ्या रस्त्याची भीतीही यातलीच. आजार फार क्वचित होणारा, म्हणून ओळखायला वेळ लागला.

मास्तर मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे बँड चालू हाय, पन थांबा म्हननारा कुनी न्हाई."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बिनमास्तराचा बँड." ते मास्तरीणबाईंकडे वळले. "कळलं का? माझ्यात मास्तर न्हाई ऱ्हायला." आणि हसले. हसताना पोट हललं नाही, पण हसणं खरं होतं. परतताना जीपमध्ये मला म्हणाले, "ही पोरगी बासरी हाय. हळू बोलती, पन लांबपत्तुर ऐकू येतं."

गोळ्या सुरू झाल्या. ठरावीक दिवसांनी नगरला जाऊन सलाईनमधून औषध घ्यायचं सुरू झालं. महिन्या-दोन महिन्यांत मास्तर भिंत सोडून चालायला लागले. आजार जाणार नाही, आटोक्यात राहील, हे बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. स्वच्छ सांगणारी माणसं मला आवडतात.

पण मग मास्तरीणबाईंनी घर ताब्यात घेतलं. आवाजाने पडतात ना, मग आवाजच नको. कुकर माळ्यावर गेला, डाळ उघड्या पातेल्यात शिजू लागली. शेळीच्या गळ्यातल्या घंटेत चिंधी बसली. फोन मुके झाले. शेजारच्या घरात मसाला कुटायला बंदी. ढोल, ताशे, पिपाण्या चादरीत गुंडाळून कोठीत गेल्या आणि क्लारनेट गादीखाली. सगळं प्रेमानेच.

मी एकदा भेटायला गेले तर दारातच धाकटीने ओठांवर बोट ठेवलं. आत मास्तर खाटेवर बसलेले, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. मला कुजबुजून म्हणाले, "वहिनी, मांजर चाललं तरी मला ऐकू येतंय आता. अन् मी मांजरालाबी दचकतोय."

ते खरं होतं. घर जितकं शांत होत गेलं, तितके मास्तर बिघडत गेले. चमचा पडला तरी आडवे. गोळ्या त्याच, औषध तेच. डॉक्टरीणबाईही कोड्यात पडल्या.

कोडं सुटलं आमच्या हॉलमध्ये. लग्नसराई संपून हॉल रिकामा होता आणि बँडमधल्या लोकांनी तालमीला जागा मागितली. मास्तर नसल्याने त्यांचं वाजवणं इतकं बिघडलं होतं की मागच्या एका लग्नात नवरदेवाचा घोडाच उलटा फिरला होता. मास्तरांनी "मी नुसता बसून ऐकीन" असा हट्ट धरला. मास्तरीणबाईंनी त्यांच्या कानात कापूस कोंबला, त्यांना माझ्या ऑफिसात बसवलं आणि दार लावून घेतलं.

तालीम सुरू झाली. थोड्या वेळात ऑफिसचं दार उघडलं. मास्तर भिंत धरत बाहेर आले, कानातला कापूस काढून मास्तरीणबाईंच्या हातात दिला आणि बँडपुढे जाऊन उभे राहिले. "ह्याला वाजिवनं म्हनत्यात? भांडी पडल्याली बरी." त्यांनी उजवं कोपर वर उचललं. ही त्यांची जुनी खूण. कोपर खाली आलं की मोठ्या ढोलावर ठोका पडतो, त्याआधी नाही. मास्तरीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

कोपर खाली आलं. ढोल पडला. हॉलच्या खिडक्या थरथरल्या.

मास्तर उभेच.

पुन्हा कोपर, पुन्हा ढोल. मग ताशा, मग सगळाच बँड. ढोलवाला घाबरत घाबरत मारत होता तर मास्तरच ओरडले, "जेवला न्हाईस का रं? हान की!" त्यांचे हात आणि तोंड एवढंच आजाराने सोडलेलं होतं. दुसऱ्याचं क्लारनेट हिसकून ते स्वतः वाजवायला लागले. छाती आवळलेली असल्याने दम पुरत नव्हता. पूर्वीची लांब तान मध्येच तुटत होती, पण ती कुठे तोडायची ते तेच ठरवत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरात आचाऱ्याच्या हातून झारा पडला. लहानसा आवाज. मास्तर जागच्या जागी ताठ झाले, आम्ही धरून त्यांना खुर्च्यांवर टेकवलं. थोड्या वेळाने अंग सैल झालं तसे ते हसायला लागले. आम्ही सगळे घाबरलेलो आणि हे हसताहेत.

"अगं, ढोलाला मी बोलावलं हुतं," ते मास्तरीणबाईंना म्हणाले. "झारा न बोलावता आला."

एवढंच होतं ते. आवाजाचं भांडणच नव्हतं, भांडण होतं अचानक येण्याशी. शांत घरात प्रत्येक आवाज न बोलावता येतो. बँडमध्ये एकही येत नाही. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, पटण्यासारखं आहे, मेंदू ज्याची वाट बघत असतो त्याला तो कमी दचकतो. वाजवू द्या. मात्र गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, आणि अंग आवळलं तर ओढून सरळ करायला जायचं नाही, धरून थांबायचं.

तेव्हापासून आमच्याकडे नवी पद्धत पडली. सुरुवात आचाऱ्याने केली. मोठं पातेलं उतरवायच्या आधी तो त्याच्या वरच्या सुरात ओरडला, "मास्तर, पातेलं!"

अंगणातून मास्तर ओरडले, "येऊ द्या!"

पातेलं दणकन खाली आलं. मास्तरांच्या अंगाला थोडा हिसका बसला, पण पडले नाहीत. बघता बघता गल्लीभर हेच झालं. कुकर माळ्यावरून उतरला. "मास्तर, शिट्टी!" "येऊ द्या!" "मास्तर, मसाला कुटतेय!" "येऊ द्या!" एकदा पंगतीत एक म्हातारे पाहुणे "मास्तर, शिंक!" असं ओरडले आणि मग शिंकच आली नाही. मास्तर घास हातात धरून वाट बघत बसले. "आवो, येऊ द्या की! माझी बुंदी खोळंबली."

चुका होतातच. फोन वाजतो, दार आपटतं, कुत्रं भुंकतं. मास्तर अजूनही पडतात. पण आता पडले की कुणी लिंबू आणत नाही. दोघं जण येतात, धरतात, थांबतात, अंग सैल झालं की गप्पा जिथे तुटल्या तिथून पुढे चालू.

मग धाकटीचं लग्न ठरलं. बैठक आमच्याच ऑफिसात झाली. मास्तरांनी सांगून टाकलं की नवरदेवाला मी वाजवत आणणार. मुलाच्या चुलत्यांनी पान चघळणं थांबवलं. "मुलीचा बाप बँडच्या पुढं? बरं दिसत न्हाई, पाव्हनं. अन् तुमची तब्येत ही अशी. आमी डीजे आनतो, खर्च आमचा."

"मांडवाच्या दारात मुलीचा बाप म्हनून उभं ऱ्हायाला तिचा मामा हाय," मास्तर म्हणाले. "बँडमास्तर दुसरा कुठनं आनू?"

"अन् वाटंत पडलात म्हंजे?"

"पडलो तर बँड थांबायचा न्हाई. मला वळसा घालून पुढं जायचं. नवरदेव येळंत पोचला पायजे."

चुलत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "डीजेला आमच्या कार्यालयात वीज मिळणार नाही." असा नियम नव्हता, तेव्हा केला. मुलगा स्वतः शहाणा निघाला, म्हणाला, "काका, वाजवू द्या त्यांना." चुलते परत पान चघळायला लागले, पण त्यांच्या तोंडावर 'बघू' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मास्तर उद्या पडले, तर पोरीला ते सासरी जन्मभर ऐकायला लागेल. मास्तरांना हे माहीत आहे. म्हणून गेला महिनाभर त्यांनी हा देवळापासूनचा रस्ता रोज चालून बघितला आहे, आधी माणसं धरून, मग न धरता, तोंडाने ताल म्हणत. ताल म्हटला की मोकळ्यातही पाय उचलतो म्हणतात.

अक्षता रंगून झाल्या. शेडमधली तालीमही थांबली. परात सावलीत ठेवते.

पंचवीस नोव्हेंबर. सकाळी उठून पहिलं काम मी हे केलं की गेटवर उभी राहून नवरदेवाच्या मित्रांच्या पिशव्या तपासल्या आणि फटाक्यांच्या सगळ्या लडी पाण्याच्या पिंपात बुडवल्या. एक जण म्हणाला, "मावशी, हे काय?" मी म्हटलं, "नियम." मग लग्नाच्या दिवशी कधी करत नाही ते केलं. गेट आचाऱ्यावर सोपवून मारुतीच्या देवळापाशी गेले आणि बँडच्या पुढे रस्त्याने चालायला लागले.

लाल कोट, पॉलिश केलेले बूट, पाय न मोडता टाकलेलं एकेक पाऊल. मी पुढून ओरडत होते. "मास्तर, मोटारसायकल!" क्लारनेट तोंडात असल्याने उत्तर बँडने द्यायचं ठरलं होतं. "येऊ द्या!" सगळे मिळून. "मास्तर, एसटी!" "येऊ द्या!" वऱ्हाडही ओरडायला लागलं, नवरदेव घोड्यावरून सगळ्यात मोठ्याने.

कार्यालयासमोरच्या मोकळ्या मैदानात आलो आणि मागून उसाच्या ट्रॅक्टरने कर्कश हॉर्न दिला. तो मला दिसलाच नव्हता. मास्तर ताठ झाले. ढोलवाल्याने ढोल बाजूला सारून मागून खांदे धरले आणि पडू दिलं नाही. चुलते पुढे सरसावले. पण बँड थांबला नाही, आणि वळसा घालूनही गेला नाही. महिनाभर त्यांना सांगितलं होतं एक, केलं त्यांनी दुसरंच. सगळे जागच्या जागी पाय आपटत तोच ताल वाजवत राहिले. ढोलवाल्याचे हात गुंतलेले, म्हणून ताशेवाला एका हाताने ताशा आणि दुसऱ्याने ढोल वाजवत होता. वऱ्हाडाला वाटलं हा खास प्रकार आहे. तेही जागच्या जागी नाचायला लागले, आणि काय सांगू, सगळे तालात. चुलत्यांचं एक पाऊल पण हललं, मी पाहिलं. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. मग मास्तरांचे खांदे सैल पडलेले दिसले, क्लारनेट वर गेलं, आणि नवरदेव वेळेत मांडवात आला.

मास्तर मुलीचे वडील म्हणून लाल कोटातच बोहल्याजवळ उभे राहिले. मंगलाष्टका झाल्या. शेवटची संपली की बँड वाजतो, पण ढोल पडायचा तो मास्तरांचं कोपर खाली आल्यावरच. मुलीने हार घातला, अक्षता उडाल्या, आणि कोपर काही वर जाईना. ढोलवाला टिपरू उगारून लोकांच्या डोक्यांवरून बघत उभा. सगळा मांडव शांत. मास्तर पोरीकडे बघत राहिले होते. ढोलच विसरले होते.

माझ्या मुठीत अक्षता उरल्या होत्या. त्या मी टाकल्या आणि ओरडले, "मास्तर, ढोल!"

त्यांनी मान वर केली.

"येऊ द्या!"